ड्रोनची हौस आणि ओळखीचा प्रश्न

डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाच्या परिसरात ड्रोन दिसल्याच्या तक्रारी आल्या आणि ऐन नाताळाच्या तोंडावर सुमारे एक हजार उड्डाणांचा बोजवारा उडाला. सुमारे एक लाख चाळीस हजार प्रवाशांना त्याची झळ बसली. पोलिसांनी त्या भागातील एका दांपत्याला ताब्यात घेतले. घरातील पुरुषाला रिमोटवर चालणाऱ्या यंत्रांची हौस होती, एवढे निमित्त पुरेसे ठरले. दोघांची नावे आणि छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली, घराची झडती झाली आणि अखेर कोणताही आरोप न ठेवता त्यांना सोडण्यात आले. २०२० मध्ये पोलिसांनी भरपाई आणि न्यायालयीन खर्च मिळून दोन लाख पौंड देऊन हे प्रकरण मिटवले. ड्रोन उडवणारा खरा इसम मात्र कधीच सापडला नाही.

हौशी ड्रोनचालकाच्या ओळखीचा प्रश्न किती दुधारी आहे, हे या एका घटनेत दिसते. ओळख पटवण्याची खात्रीशीर सोय नसेल तर गुन्हेगार सुटतो आणि शेजारचा निरपराध छंदिष्ट अडकतो. उलट, ओळख सर्वांसाठी सताड उघडी ठेवली तर प्रत्येक उड्डाणागणिक चालकाचे ठिकाण कोणाही अनोळखी माणसाच्या हाती पडते. गेल्या दहा वर्षांत निरनिराळ्या देशांनी या दोन टोकांमधला मार्ग कसा शोधला आणि त्यात चालकाच्या खासगीपणाचे काय झाले, याचा हा आढावा.

तीन निरनिराळे प्रश्न

‘निनावी राहणे’ या शब्दाखाली तीन गोष्टींची सरमिसळ होते. पहिली गोष्ट नावाची: हे यंत्र कोणाचे, हे सरकारला ठाऊक असावे का? दुसरी ठिकाणाची: उड्डाण चालू असताना चालक नेमका कोठे उभा आहे, हे कोणाला कळावे? तिसरी इतिहासाची: कोण, कधी, कोठून उडाला याची नोंद कोणाकडे आणि किती काळ साठून राहावी? नाव केवळ सरकारी दप्तरात असणे आणि ठिकाण प्रत्येक पादचाऱ्याच्या मोबाइलवर दिसणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पुढील प्रत्येक नियम वाचताना हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

अमेरिकेत नोंदणीची सुरुवात

अमेरिकेच्या केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, २१ डिसेंबर २०१५ पासून हौशी ड्रोनचालकांची नोंदणी सुरू केली. २५० ग्रॅमहून जड आणि २५ किलोपर्यंतच्या यंत्रांसाठी ती होती. शुल्क पाच डॉलर आणि मुदत तीन वर्षांची. चालकाला एक क्रमांक मिळे आणि तो त्याच्या सर्व ड्रोनवर लिहावा लागे. नोंदवलेली नावे आणि पत्ते जनतेला पाहता येणार का, या मुद्द्यावर तेव्हाच बराच गदारोळ झाला होता.

एका हौशी चालकाने या नोंदणीला आव्हान दिले. छंद म्हणून उडवल्या जाणाऱ्या प्रतिकृती विमानांसाठी एफएएने नवे नियम करू नयेत, असे अमेरिकी संसदेने २०१२ मध्येच ठरवले होते. त्याच आधारावर वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने मे २०१७ मध्ये हौशी चालकांपुरती ही नोंदणी रद्द ठरवली. आपली नोंद पुसून शुल्क परत मागण्याची सोयही काही काळ उपलब्ध होती. तथापि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने कायदा करून नोंदणी पुन्हा लागू केली. प्रारंभी हा क्रमांक बॅटरीच्या कप्प्यात लिहिला तरी चाले. फेब्रुवारी २०१९ पासून तो बाहेरून दिसेल असा लिहिणे सक्तीचे झाले.

तोपर्यंत निनावीपणाचा भंग मर्यादित होता. क्रमांक वाचायचा तर ड्रोन हातात यावा लागे, आणि क्रमांकावरून नाव काढायचे तर सरकारी दप्तर उघडावे लागे.

‘रिमोट आयडी’ म्हणजे काय?

ही स्थिती ‘रिमोट आयडी’ने पालटली. या व्यवस्थेत ड्रोन उडताना स्वतःविषयीची माहिती रेडिओ लहरींवरून सतत, किमान सेकंदाला एकदा, प्रक्षेपित करतो. मोटारीच्या नंबर प्लेटशी त्याची तुलना केली जाते, परंतु ती अपुरी आहे. नंबर प्लेट चालक कोठे आहे हे सांगत नाही. रिमोट आयडी सांगतो. अमेरिकी नियमानुसार या संदेशात ड्रोनचा अनुक्रमांक, त्याचे अक्षांश-रेखांश, उंची, वेग, वेळ आणि आणीबाणीची स्थिती असते, आणि त्याबरोबर रिमोट हाती धरलेल्या चालकाचे अक्षांश-रेखांश आणि उंचीही असते. जुन्या ड्रोनवर निराळा प्रक्षेपक बसवल्यास चालकाऐवजी उड्डाणस्थानाचे निर्देशांक जातात. हा संदेश सर्वसाधारणपणे ब्लूटूथ किंवा वाय-फायवरून जातो आणि तो कूटबद्ध नसतो. म्हणजे योग्य ॲप असलेला कोणताही मोबाइल तो वाचू शकतो. नाव आणि पत्ता मात्र संदेशात नसतो. अनुक्रमांकावरून मालकाचे नाव काढण्याची मुभा एफएए आणि अधिकृत पोलीस व सुरक्षा यंत्रणांपुरतीच आहे.

मूळ प्रस्ताव याहून व्यापक होता. ३१ डिसेंबर २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या मसुद्यात हीच माहिती इंटरनेटमार्गे खासगी सेवा कंपन्यांकडे पाठवण्याची अट होती. तसे झाले असते तर देशातील प्रत्येक हौशी उड्डाणाचा इतिहास कंपन्यांच्या संगणकांवर साठत गेला असता. मसुद्यावर सुमारे ५३ हजार हरकती व सूचना आल्या. अंतिम नियम डिसेंबर २०२० मध्ये जाहीर होऊन जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा इंटरनेटची अट वगळून केवळ प्रक्षेपणाची अट ठेवण्यात आली. या हौसेच्या क्षेत्रात खासगीपणाच्या बाजूने पडलेला हा सर्वांत मोठा कौल म्हणावा लागेल. ठिकाण उघड राहिले, पण इतिहास आपोआप एका जागी साठण्याचे टळले.

चालकांनी नियम पाळण्याची तारीख १६ सप्टेंबर २०२३ होती. प्रक्षेपकांच्या तुटवड्यामुळे प्रत्यक्ष कारवाई १६ मार्च २०२४ पर्यंत लांबवण्यात आली. नियमात तीन पळवाटा नव्हे, तर तीन अधिकृत सवलती आहेत. केवळ हौसेसाठी उडवलेल्या आणि २५० ग्रॅम वा त्याहून हलक्या ड्रोनला नोंदणी लागत नाही, म्हणून रिमोट आयडीही लागत नाही. मात्र अशाच ड्रोनला मोठी बॅटरी लावून वजन मर्यादेपलीकडे गेले की सवलत संपते. दुसरी सवलत एफएएने मान्य केलेल्या ठरावीक मैदानांची. तेथे प्रक्षेपणाविना उडवता येते. तिसरी सवलत ‘सत्र क्रमांका’ची, म्हणजे कायमच्या अनुक्रमांकाऐवजी त्या उड्डाणापुरता बदलता क्रमांक प्रक्षेपित करण्याची. कागदावर ही तरतूद उत्तम आहे. परंतु बाजारातील बहुतेक हौशी ड्रोन कायमचा अनुक्रमांकच प्रक्षेपित करतात.

न्यायालय काय म्हणाले?

शर्यतीच्या ड्रोनचे सुटे भाग विकणाऱ्या ‘रेसडेक्वाड्स’ या कंपनीने या नियमाला आव्हान दिले. स्वतःच्या अंगणातून उडवणाऱ्या माणसाचे ठिकाण वॉरंटशिवाय प्रक्षेपित करायला लावणे म्हणजे सततची पाळत होय, असा तिचा युक्तिवाद होता. जुलै २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. मोकळ्या आकाशात ड्रोन उडवणे ही सामान्यतः सार्वजनिक कृती आहे आणि ती चालू असताना चालकाला आपले ठिकाण गुप्त राहण्याची वाजवी अपेक्षा ठेवता येत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. तथापि या माहितीचा प्रत्यक्षात गैरवापर झाल्याचे एखादे प्रकरण पुढे आल्यास त्याचा स्वतंत्र विचार होऊ शकेल, ही वाट न्यायालयाने खुली ठेवली.

चालकांची भीती निव्वळ काल्पनिक नाही. जुलै २०१५ मध्ये केंटकी राज्यात एका गृहस्थाने आपल्या आवारावर आलेला ड्रोन बंदुकीने पाडला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथील न्यायाधीशांनी त्याच्यावरील आरोप रद्द केले. ड्रोन पाहून बंदूक उचलणाऱ्याच्या मोबाइलवर चालक कोठे उभा आहे हेही दिसणार असेल, तर हौशी माणसाला धास्ती वाटणे स्वाभाविक आहे.

युरोप आणि ब्रिटन

युरोपीय संघाने २०१९ मध्ये दोन नियमावल्या करून समान चौकट आखली. तेथे ड्रोनची नव्हे, तर तो बाळगणाऱ्या ‘ऑपरेटर’ची नोंद होते आणि त्याचा क्रमांक प्रत्येक यंत्रावर लावावा लागतो. कॅमेरा असलेला ड्रोन २५० ग्रॅमहून हलका असला तरी नोंदणी लागते, कारण प्रश्न केवळ आदळण्याचा नसून चित्रणाचाही आहे, ही त्यामागची भूमिका. १ जानेवारी २०२४ पासून ठरावीक वर्गांच्या ड्रोनना थेट रिमोट आयडी आवश्यक झाला. संदेशात ऑपरेटरचा क्रमांक आणि चालकाचे वा उड्डाणाचे ठिकाण असते. येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नोंदणी क्रमांकाच्या शेवटी तीन गुप्त अक्षरे दिली जातात. ती ड्रोनमध्ये क्रमांक भरताना पडताळणीसाठी वापरायची असतात. यंत्रावर लिहायची किंवा कोणाला सांगायची नसतात. ती फुटली तर दुसरा कोणीही आपल्या क्रमांकाने उडू शकतो.

ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून नोंदणी आहे. १ जानेवारी २०२६ पासून तेथेही वर्गचिन्ह असलेल्या ठरावीक ड्रोनसाठी रिमोट आयडी लागू झाला.

कंपनीच्या हाती असलेली किल्ली

सरकारी नियमांच्या आधीपासून एक खासगी व्यवस्था अस्तित्वात होती. जगातील सर्वांत मोठी हौशी ड्रोन उत्पादक असलेल्या डीजेआय या चिनी कंपनीने ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘एरोस्कोप’ नावाचे उपकरण आणले. कंपनीचे ड्रोन स्वतःचे आणि चालकाचे ठिकाण प्रक्षेपित करीत आणि हे उपकरण ते टिपत असे. ते विमानतळ आणि पोलीस यंत्रणांसाठी होते. युक्रेन युद्धात मात्र त्याचा भीषण अर्थ उघड झाला. दुकानातून आणलेले ड्रोन दोन्ही बाजू वापरत होत्या आणि चालकाचे ठिकाण कळणे म्हणजे तोफेला नेम मिळणे होते. मार्च २०२२ मध्ये युक्रेनचे उपपंतप्रधान मिखाइलो फेदोरोव्ह यांनी कंपनीला जाहीर पत्र लिहिले. हा संदेश कूटबद्ध असल्याचा दावा कंपनीला त्याच वर्षी मागे घ्यावा लागला. २०२३ मध्ये जर्मनीतील बोखुम येथील रुर विद्यापीठाच्या आणि सिस्पा संस्थेच्या संशोधकांनी तो संदेश वाचून दाखवला आणि कंपनीच्या ड्रोनमधील सोळा त्रुटीही दाखवून दिल्या.

युद्धभूमी आणि गावाबाहेरचे मैदान यांची तुलना करू नये, हे खरे. पण विश्वासू हातांसाठी म्हणून बनवलेली खिडकी कालांतराने कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही, हा धडा हौशी चालकालाही लागू पडतो.

आपणच फोडलेली गुपिते

नियम काहीही असोत, हौशी चालकाची ओळख बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या हातून बाहेर पडते. राफाएल पिरकर हा चालक इंटरनेटवर ‘ट्रॅपी’ या टोपणनावाने प्रसिद्ध होता. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याने व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारात केलेल्या उड्डाणाचे चित्रण उपलब्ध असल्याने एफएएने त्याच्यावर दहा हजार डॉलर दंडाची नोटीस बजावली. खटला बराच गाजला आणि जानेवारी २०१५ मध्ये अकराशे डॉलरवर मिटला. २०२० मध्ये फिलाडेल्फियातील एका चालकाला एक लाख ८२ हजार डॉलर दंडाची नोटीस मिळाली, तीही त्याने स्वतःच यूट्यूबवर चढवलेल्या चित्रफितींच्या आधारे. टोपणनाव हे कायद्यापासून संरक्षण नव्हे. ते फार तर अनोळखी वाचकापासून संरक्षण आहे.

त्याहून सूक्ष्म गळती फायलींमधून होते. ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रात अक्षांश-रेखांश दडलेले असतात. अनेक ड्रोन चित्रफितीबरोबर उपशीर्षकाची फाइल तयार करतात आणि तीत क्षणाक्षणाचे ठिकाण नोंदलेले असते. उड्डाणाच्या नोंदवहीत ‘होम पॉइंट’, म्हणजे परतीचे ठिकाण असते, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते स्वतःच्या इमारतीची गच्ची असते. चित्रफितीच्या पहिल्या दहा सेकंदांत चालकाचा चेहरा, दारातली मोटार आणि तिचा क्रमांक दिसतो.

चष्मा लावून ड्रोन उडवणाऱ्या अमेरिकी शर्यतपटूंची अडचण आणखी निराळी आहे. शक्तिशाली चित्रप्रक्षेपकासाठी त्यांना हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना लागतो. प्रक्षेपणात आपले संकेतनाम सांगणे त्यांना बंधनकारक असते आणि संकेतनामावरून परवानाधारकाचा टपालपत्ता सरकारी यादीत कोणालाही शोधता येतो. म्हणून जाणकार मंडळी अर्जात घराऐवजी टपालपेटीचा पत्ता देतात. हे पूर्णपणे नियमात बसते.

भारतातील स्थिती

आपल्याकडे २५ ऑगस्ट २०२१ रोजी ‘ड्रोन नियम २०२१’ अमलात आले. खास सूट नसल्यास प्रत्येक ड्रोनला विशिष्ट ओळखक्रमांक, म्हणजे यूआयएन, घ्यावा लागतो. हा क्रमांक निर्मात्याचा अनुक्रमांक, उड्डाण नियंत्रक आणि जमिनीवरील रिमोट या तिन्हींशी जोडलेला असतो. दोन किलोपर्यंतच्या सूक्ष्म वर्गातील ड्रोन हौसेसाठी उडवताना वैमानिक प्रमाणपत्राची अट नाही. पण त्यामुळे यंत्राच्या नोंदणीची अट सुटत नाही. ड्रोनचे ठिकाण, उंची, वेग आणि ओळखक्रमांक कळवणारा बीकन सरकार पुढे सक्तीचा करू शकेल आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत देईल, अशी तरतूद या नियमांनी केली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या यादीत चालकाच्या ठिकाणाचा उल्लेख नाही. आपल्याकडे पुढे तपशील ठरतील तेव्हा हा फरक टिकावा, अशी मागणी हौशी संघटनांना करता येईल.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. नोंदणीच्या वेळी दिलेली माहिती कोणाकडे जाते हे विचारण्याला त्यामुळे बळ मिळाले आहे, जरी सरकारी यंत्रणांना त्या कायद्यात बऱ्याच सवलती आहेत. दुसरीकडे, मुंबईसारख्या शहरात पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात, त्यामुळे उड्डाणापूर्वी नकाशावरील क्षेत्र आणि स्थानिक आदेश दोन्ही तपासावे लागतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने परदेशी बनावटीच्या ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. अमेरिकेतील भाच्या-पुतण्याने प्रेमाने आणलेला ड्रोन विमानतळावर अडकू शकतो तो यामुळेच. आणि तो घरी पोहोचला तरी नोंदणीविना उडवणे ‘निनावी’ नव्हे, बेकायदा ठरते.

चालकाने काय करावे?

घराच्या गच्चीवरून किंवा सोसायटीच्या आवारातून न उडवता मोकळ्या मैदानातून उडवावे, म्हणजे प्रक्षेपित होणारे ठिकाण घराचा पत्ता ठरत नाही. छायाचित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यातील स्थाननोंद काढून टाकावी आणि उपशीर्षकाची फाइल सोबत देऊ नये. उड्डाण आणि उतरण्याची दृश्ये कापावीत. घरच्या परिसरातील चित्रण काही दिवसांनी प्रसिद्ध करावे. यंत्राचा अनुक्रमांक, क्यूआर कोड आणि नोंदणीपत्र यांची छायाचित्रे कोठेही टाकू नयेत. उड्डाणांच्या नोंदी कंपनीच्या संगणकावर चढवण्याचा पर्याय गरज नसल्यास बंद ठेवावा. जुना ड्रोन विकताना खाते वेगळे करावे, कार्ड व अंतर्गत साठा पुसावा आणि नोंदणीतून आपले नाव कमी करून घ्यावे. अन्यथा नव्या मालकाच्या चुकीसाठी पोलीस आपले दार ठोठावतील. रिमोट आयडी बंद पाडण्याच्या युक्त्या मात्र करू नयेत. तो गुन्हा आहेच, शिवाय नोंद असलेला चालक गॅटविकसारख्या प्रसंगी ‘त्या वेळी माझे यंत्र जमिनीवर होते’ हे अधिक सहज दाखवू शकतो.

दुसरी बाजू

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाला एका हौशी ड्रोनची धडक बसली. पंखाला भोक पडले आणि ऐन गरजेच्या वेळी विमान जमिनीवर बसले. तपासयंत्रणेने चालकाला शोधून काढले आणि त्याने गुन्हा कबूल केला. अशा वेळी चालक निनावी राहावा असे कोणीही म्हणणार नाही. ज्याच्या खिडकीसमोर ड्रोन घुटमळतो त्या रहिवाशालाही खासगीपणा आहे. संमतीविना कोणाचे खासगी चित्रण करणे आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली शिक्षेस पात्र आहे.

म्हणूनच या वादाचे उत्तर ‘सर्व उघड’ किंवा ‘सर्व गुप्त’ असे देता येत नाही. चालकाचे नाव जबाबदार यंत्रणेला ठाऊक असावे, त्याचे ठिकाण कामापुरते आणि कामाच्या माणसालाच कळावे, आणि त्याच्या उड्डाणांचा इतिहास कोणाच्याही कोठारात विनाकारण साठू नये. नियम करणाऱ्यांनी पहिल्या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले आहे. उरलेल्या दोहोंसाठी हौशी चालकांनाच आग्रह धरावा लागेल. अमेरिकेतील ५३ हजार हरकतींनी नियम बदलला, हे त्यांनी विसरू नये.